रद्दीच्या पावतीवर आलेल्या 46 वह्या

11 डिसेंबर 2023. दुपारची वेळ. मी वाचनालयात जुन्या पेपरांच्या गठ्ठ्याला सुतळी बांधत होते आणि फोन आला. शेजारच्या तालुक्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी मैत्रीण परिचर आहे, तिचा. "गृहअर्थशास्त्र बंद झालं न आमच्या इथचं. त्याइची पुस्तकं काढून राह्यले. रद्दीवाला पाहून गेला काल. तुले पाह्यचे असन तं ये लवकर."

मी तिथूनच, त्याच विषयात बीए केलं आहे, 1998 साली. आता विदर्भातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं असलेल्या भागात, आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. सरकारी वर्गवारीत 'इतर ब' वर्गाचं वाचनालय. दोन खोल्या, एक पंखा, अनुदान दोन हप्त्यांत. एखाद्या विभागाची पुस्तकं दुसऱ्या संस्थेत कशी आणायची, याची मला काडीइतकी कल्पना नव्हती. आता तेरा महिन्यांचा हेलपाटा झाल्यावर थोडी आहे. आपल्याकडे अनेक कॉलेजांतून हा विषय गुंडाळला जातोय, त्यामुळे कुणावर ही वेळ आलीच तर उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवते.

18 तारखेला एसटीनं गेले. विभागाची खोली म्हणजे अर्धी प्रयोगशाळा, अर्धी अडगळ. ओट्यावर बंद पडलेला ओव्हन, भिंतीवर अन्नघटकांचा तक्ता, कोपऱ्यात पाय तुटलेलं शिलाई मशीन. चार कपाटांत पुस्तकं होती. खालच्या खणात, कपाटाचं दार नीट लागत नव्हतं तिथं, प्रात्यक्षिकाच्या वह्यांची चवड. वरच्या वहीवर 1971-72 लिहिलेलं. पहिलं पान उघडलं तर टाचणीनं लावलेला पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा आणि त्यावर हातानं घातलेली सहा काजं. सहावं सगळ्यात सुबक. पोरगी पाच काजांत शिकली होती.

(आपली वही सापडते का, हेही पाहिलं. नव्हती. आमच्या बॅचनं वह्या परत नेल्या होत्या आणि माझ्या वहीनं आईची चूल बरेच दिवस पेटवली.)

2 जानेवारी 2024 ला अर्ज दिला आणि आठवड्यानं तो परत आला. मी लिहिलं होतं, "सदर पुस्तके आमच्या वाचनालयास द्यावीत." तिथल्या कारकुनानं समजावून सांगितलं, आणि त्याचे उपकारच आहेत: कॉलेज 'द्यायला' मोकळं नसतं. आधी पुस्तकं निर्लेखित, म्हणजे दाखल नोंदवहीतून रीतसर कमी, व्हायला हवीत. त्यासाठी दाखल क्रमांकांसह यादी, ग्रंथालय समितीचा ठराव, प्राचार्यांची शिफारस, मग संस्थेच्या व्यवस्थापनाची मान्यता. आणि घेणाऱ्यानं, म्हणजे आम्ही, आपल्या कार्यकारी मंडळाचा ठराव, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल जोडायचा. हे पहिल्याच फेरीत विचारून घेतलं असतं तर माझ्या दोन चकरा वाचल्या असत्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मात्र मी न चुकता घेत गेले. पुढं मार्चमध्ये "तुमचा अर्ज दिसत नाही" असं ऐकायला मिळालं तेव्हा तोच कागद कामी आला.

आमच्या अध्यक्षांना ठरावासाठी भेटले तर ते म्हणाले, "बाई, सैपाकाचे पुस्तकं काहून आनता? स्पर्धा परीक्षेचे आना, पोट्टे बसतीन तरी." त्यांचंही खोटं नाही. संध्याकाळी आमच्याकडं टेबलं भरतात ती पोलीस भरती आणि तलाठी भरतीवाल्यांनी. मी एवढंच म्हटलं की कपाट मी पाहीन, जागा तेवढी द्या. ठराव झाला, पाच हजारांची मर्यादा घालून.

पुढचे पाच महिने वाट पाहण्याचे. 23 फेब्रुवारीला त्यांच्या ग्रंथालय समितीची बैठक झाली. व्यवस्थापनाची बैठक मार्चमध्ये व्हायची होती; 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. पुस्तकांच्या यादीचा आचारसंहितेशी काय संबंध, असं मीही विचारलं. संबंध नव्हताच, पण निम्मे कर्मचारी निवडणुकीच्या प्रशिक्षणाला. आमच्याकडं मतदान 26 एप्रिलला झालं. त्यानंतर उन्हाळी सुट्टी. या काळात मी दर पंधरा दिवसांनी एक फोन आणि महिन्यातून एक चक्कर, एवढंच धरलं. जास्त फोन केले की लोक उचलत नाहीत, आणि अजिबात केले नाहीत तर फाईल खाली जाते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून परवडलं.

याच काळात एक काम केलं त्याचा मला सगळ्यात जास्त फायदा झाला. मैत्रिणीच्या परवानगीनं चारही कपाटांचे, पुस्तकांचे कणे दिसतील असे मोबाईलवर फोटो काढून ठेवले. नंतर यादीतलं एखादं पुस्तक "गहाळ" निघालं की फोटोत दाखवता यायचं.

28 मे ला मान्यतेचं पत्र मिळालं. यादीत 412 पुस्तकं. त्यातली 61 विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पैशातून घेतलेली, ती देता येणार नाहीत असं लेखापालांनी सांगितलं. 38 पुस्तकं वाळवीनं पोखरलेली, हातात घेतली की माती पडायची. राहिली 313. त्याची यादी तीन प्रतींत, प्रत्येक पानावर दोघांची सही.

वह्यांचं मात्र घोडं अडलं. त्यांना दाखल क्रमांकच नव्हता. जे दाखल नाही ते निर्लेखित कसं करणार? आणि निर्लेखित नाही ते हस्तांतरित कसं करणार? कागदोपत्री त्या 46 वह्या अस्तित्वातच नव्हत्या. तिघांनी तीन तऱ्हेनं डोकं खाजवलं. शेवटी त्या कारकुनानंच तोडगा काढला. खोलीतली 'इतर रद्दी' विकायची परवानगी होती, भाव ठरलेला होता 12 रुपये किलो. वह्या काट्यावर चढल्या. 14 किलो. माझ्याकडून 168 रुपये घेतले आणि पावती फाडली: "रद्दी कागद, 14 किलो." त्या अख्ख्या व्यवहारात मला सगळ्यात मोलाचं जे वाटत होतं, ते असं आलं.

8 जूनला छोटा हत्ती केला, 1,800 रुपये. हमालीचे 400. आभाळ भरून आलं होतं आणि ड्रायव्हर सारखा वर बघत होता. ताडपत्री घरून नेली होती ती बरी. पुस्तकं कधी उभ्या खोक्यात कोंबू नका, आणि खोकी मोठी घेऊ नका. पुस्तकांनी भरलेलं फ्रीजचं खोकं दोघांनाही उचलत नाही, हे मी अनुभवानं सांगते.

आणलेलं सामान लगेच आपल्या पुस्तकांशेजारी ठेवायचं नसतं. वह्यांत कसर होती, रुपेरी, सरपटणारी. गावात विचारलं तर कुणी कडुनिंबाचा पाला सांगितला, कुणी डांबराच्या गोळ्या. दोन्हींनी कीड लांब राहते म्हणतात, पण आत असलेली अंडी मरत नाहीत. अंड्यांवर उपाय थंडीचा: प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशाच्या खाली दोन आठवडे. एवढा गारठा आमच्या गावात एकाच ठिकाणी मिळतो, आईस्क्रीमच्या दुकानातल्या डीप फ्रीझरमध्ये. पाऊस पडला की त्याचा धंदा बसतो, म्हणून जुलैत गेले. दुकानदार आधी खो खो हसला. मग म्हणाला, "ताई, कुल्फीले वास लागन काय जी?" वास लागणार नाही अशी हमी दिली. पैसे घेतले नाहीत. मी त्याच्या मुलीची वर्षाची वाचनालयाची वर्गणी भरली, 120 रुपये. वीज सारखी जायची, म्हणून दोनाचे तीन आठवडे केले. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, पूर्ण दिवस तशीच ठेवायची. नाहीतर गार कागदावर बाहेरच्या दमट हवेचं पाणी जमतं आणि केलेलं सगळं मुसळ केरात.

साफसफाई ऑगस्टभर चालली. मऊ ब्रश, मास्क, हातमोजे. ब्रश आतून बाहेर मारायचा, कण्याकडं नाही. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावायचा मोह आवरा. जुन्या मालकांनी लावलेल्या पट्ट्या तांबूस होऊन अक्षरांसकट निघत होत्या. मी फाटलेलं पान आम्लरहित कागदात गुंडाळून तसंच ठेवलं. हा कागद नागपूरहून मागवावा लागला, 960 रुपये.

मग प्रश्न आला, लावायचं कसं? आमचे सचिव म्हणाले, सगळं पाकशास्त्रात टाका, 641, विषय संपला. आमच्याकडं ड्यूई दशांश वर्गीकरण आहे. त्यात 640 म्हणजे गृहव्यवस्था, 641 अन्न, 646 शिवण आणि कपडे, 649 बालसंगोपन. पण माझ्यासमोरच्या निम्म्या पुस्तकांत पदार्थ नव्हतेच. मुलींना हे शिकवावं की नाही, कुणी शिकवावं, किती गुण ठेवावेत, याची ती पुस्तकं होती: अभ्यासक्रम, अहवाल, शिक्षिकांच्या मार्गदर्शिका. त्यांचा क्रमांक 640.7. एका संध्याकाळी ती सगळी जमिनीवर सनावारीनं मांडली तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची गोष्ट दिसली.

कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढलं, जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून, आणि त्यात गृहशास्त्राला जागा दिली. 1932 साली दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज निघालं, अखिल भारतीय महिला परिषदेच्या खटपटीतून. ही परिषद पहिल्यांदा भरली होती 1927 साली पुण्यात. मग आमच्या दाराशी, वर्ध्याला, ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी बोलावलेली शिक्षण परिषद आणि झाकीर हुसेन समितीचा अहवाल. त्यातून आलेली नई तालीम, म्हणजे मूलोद्योगातून (सूतकताईसारख्या हस्तोद्योगातून) शिक्षण, म्हटलं की आपल्याला चरखा आठवतो. या अहवालात मुलींसाठी निराळी सोय आहे हे मला ठाऊक नव्हतं: चौथी-पाचवीच्या सामान्य विज्ञानात मुलींना गृहशास्त्र, आणि सहावी-सातवीत हवं तर मूलोद्योगाऐवजी गृहशास्त्राचा पुढचा अभ्यास. सूत कातायला शिकवणाऱ्या शाळेतही पोरींची वाट शेवटी सैपाकघराकडं वळवलेली पाहून मी जरा खट्टू झाले. 1950 मध्ये बडोद्याला गृहविज्ञानाची विद्याशाखा सुरू झाली तेव्हा तिथं कुलगुरू होत्या हंसा मेहता. माध्यमिक शिक्षणाच्या मुदलियार आयोगानं 1952-53 मध्ये मुलींसाठी गृहविज्ञानाची सोय करा म्हटलं, आणि पुढं 1962 साली त्याच हंसाबाईंच्या समितीनं मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे नकोत अशी भूमिका घेतली. कोठारी आयोगानं ती उचलून धरली: विषय ठेवा, पण मुलींवर सक्तीचा करू नका.

त्या वेळी आमच्या शाळांत काय चाललं होतं ते सासूबाईंकडून कळलं. त्या जुन्या अकरावीच्या. "आमाले कोन इचारलं? पोरी इकडं बसा, पोट्टे तिकडं बसा. पोट्टे बीजगणित शिकत, आमी बटन लावो."

मांडणीसाठी आधार शोधता शोधता अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या मान ग्रंथालयाचा संग्रह सापडला. 1850 ते 1950 या काळातली या विषयाची पुस्तकं आणि मासिकं त्यांनी सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. संग्रहाचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, पण त्याची आद्याक्षरं जुळवली की शब्द होतो 'हार्थ', म्हणजे चूल. मी मोबाईलवर रात्री दोन दोन तास त्यात बसायचे. तिथंच एलेन रिचर्ड्स भेटल्या: एमआयटीत शिकलेल्या पहिल्या बाई, 1873 च्या पदवीधर, रसायनशास्त्रज्ञ. 1899 पासून अमेरिकेतल्या लेक प्लॅसिड गावी भरलेल्या परिषदांतून त्यांनी या विषयाची घडी बसवली. आम्हाला बीएला त्यांचं नाव दोन गुणांच्या प्रश्नापुरतं होतं. पाण्याचं पृथक्करण हे त्यांचं मुख्य काम होतं, हे कुणी सांगितलं असतं तर खारपाणपट्ट्यातल्या आम्ही पोरी जरा कान टवकारून बसलो असतो.

त्या संग्रहाकडून मी विषयांचे विभाग कसे पाडायचे ते घेतलं. पण आमच्या वह्यांसारखं काही मला तिथं दिसलं नाही.

वह्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पुस्तकं कुठंतरी आणखी मिळतील. छापील पुस्तकात व्हाईट सॉस, कस्टर्ड, बेक्ड व्हेजिटेबल. वह्यांतही पहिल्या काही पानांवर तेच, मुलींनी मुकाट्यानं उतरवलेलं. पुढं मात्र अक्षर मोकळं होतं. एकीनं शंभर ग्रॅम ज्वारीचे उष्मांक 349 आणि प्रथिनं 10.4 ग्रॅम लिहून खाली हिशेब केलाय: निंदणाला जाणारी बाई दिवसाला किती भाकरी खाते आणि तेवढ्यात तिचं भागतं का. भागत नाही, असं उत्तर आलंय. त्यावर शिक्षिकेची लाल खूण, शेरा नाही.

आणि अंदाजपत्रकं. कौटुंबिक अंदाजपत्रक हा आमचा हातखंडा प्रश्न. एंगेलचा नियम पाठ करायचा: उत्पन्न वाढलं की अन्नावरच्या खर्चाचं प्रमाण घटतं. मग 'मासिक उत्पन्न रु. 250, कुटुंबात पाच माणसं' असं गृहीत धरून तक्ता भरायचा. 1974-75 च्या एका वहीत हा तक्ता अर्धा भरून काट मारलीय आणि शेजारी शिक्षिकेनं लिहिलंय, "वडिलांना पगार आहे का? महिना नको, हंगाम लिही." पुढच्या पानावर नवा तक्ता. जमेच्या बाजूला 'कापसाचा पहिला चुकारा', 'दुसरा चुकारा', 'तूर', 'आईची मजुरी'. सगळा कापूस सरकारनंच घ्यायचा, ही एकाधिकार खरेदी 1972 मध्ये सुरू झाली, त्यामुळे पैसे तुकड्यातुकड्यानं येत. खर्चाच्या बाजूला पेरणी, सावकार, धाकट्याची फी, आणि सगळ्यात खाली 'माझे परीक्षा शुल्क', पुढं रक्कम नाही, नुसती रेघ. एंगेलचा नियम त्या पानावर कुठंच बसत नाही. पण आमच्या भागातल्या घराचा जमाखर्च इतका खरा मी दुसरीकडं वाचलेला नाही. त्या बाईंच्या वर्गात मी असते तर, असं वाटून गेलं. आमच्या वेळी मासिकच लिहायचो.

सासूबाई रोज दुपारी येऊन वह्या चाळायच्या. रफूच्या नमुन्यावर बोट फिरवून म्हणायच्या, "हे पाय, उलटं करून पाय. मागची बाजू पाह्यची असते." मी त्यांना हातमोजे घालायला सांगायचे आणि त्या घालायच्या नाहीत.

नोंदणीला दिवाळी उलटली. 313 पुस्तकं देणगी म्हणून दाखल नोंदवहीत गेली. कॉलेजचा जुना दाखल क्रमांक शेऱ्याच्या रकान्यात लिहिला, तो खोडू नका. शिक्का मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर आणि आमच्या गुप्त पानावर, म्हणजे ओळखीसाठी वाचनालयानं स्वतःपुरतं ठरवलेल्या आतल्या पानावर. वह्यांवर शिक्का मारला नाही. शाई कापडाच्या नमुन्यांत उतरते. पेन्सिलीनं क्रमांक घातला आणि वेगळी हस्तलिखित नोंदवही केली. प्राप्तीचा मार्ग: खरेदी. किंमत: एकत्रित 168. पुरावा: रद्दीची पावती. डिसेंबरच्या तपासणीत साहेबांनी ती पावती दोनदा वाचली, चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं आणि सही केली. पुस्तकं दाखवण्याआधी कागद दाखवले म्हणून सोपं गेलं असं मला वाटतं.

खर्च सगळा धरून 9,358 रुपये. त्यात जुनं लोखंडी कपाट 4,200 चं, तेच सगळ्यात मोठं. वाचनालयानं ठरल्याप्रमाणे पाच हजार दिले. बाकीचे निम्मे मी आणि निम्मे कॉलेजमधल्या एका निवृत्त मॅडमनी, ज्यांनी नाव नको म्हणून सांगितलं.

स्कॅनिंग सुरू आहे, मोबाईलवरच, खिडकीच्या उजेडात. शासकीय प्रकाशनांना प्रसिद्धीपासून साठ वर्षं कॉपीराइट असतो, म्हणून 1964 पर्यंतचे अहवाल आणि पाठ्यपुस्तकं आधी घेतली. वह्यांचं तसं नाही. त्या ज्यांनी लिहिल्या त्यांच्या आहेत, आणि आतमध्ये घरचे हिशेब आहेत. त्या कुठंही टाकणार नाही. वाचनालयात बसून वाचता येतात, नाव झाकून.

3 जानेवारी 2025 ला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, कपाट उघडलं. कार्यक्रम छोटाच झाला; अध्यक्षांनी भाषणात "सैपाकाचे पुस्तकं" म्हटलंच. त्यानंतर दहाबारा दिवसांनी एक बाई आल्या, साठीच्या पुढच्या, नातवाला घेऊन. कुणाकडून तरी ऐकलं होतं. वह्यांची यादी पाहिली, एक क्रमांक सांगितला. काढून दिली. बराच वेळ पानं उलटत होत्या. एका ठिकाणी थांबून नातवाला म्हणाल्या, "हा सोयटर तुह्या बापाचा होता," आणि वीतभर मापाचा लोकरी नमुना दाखवला.

मग मला विचारलं, "नेऊ का जी घरी? माहीच हाये."

मी नोंदवही उघडून त्यांना दाखवली. वही आता दाखल आहे. द्यायची तर निर्लेखन करावं लागेल. त्यासाठी यादी, समितीचा ठराव, मंडळाची मान्यता.

त्या हसल्या. "राहू द्या मंग. झेरॉक्स देता?"

24 पानं होती. 48 रुपये झाले. मी घेत नव्हते, त्यांनी टेबलावर ठेवले आणि पावती मागितली.